बावीस घरं आणि एक गुलाबी पत्रक

१

"कुमुदताई, खून झालाय. लोकशाहीचा खून!"

बळवंतराव घारपुरे यांनी माझ्या टेबलावर एक गुलाबी कागद आपटला आणि मग पाणी मागितलं. मी पाणी दिलं, चष्मा शोधला आणि मयताची तपासणी सुरू केली.

फेब्रुवारी १९९४ची गोष्ट. आमच्या यमुनातीर महाराष्ट्र मंडळाची निवडणूक रविवारी होती आणि हा बुधवार. बळवंतराव निवृत्त उपसचिव, बारा वर्षं मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्याविरुद्ध उभ्या होत्या अलकनंदा टिपणीस, पहाडगंजला शिकवून निवृत्त झालेल्या मराठीच्या बाई. आणि मी, कुमुद नाडकर्णी, निवडणूक अधिकारी. एकतीस वर्षं कायदा मंत्रालयात मसुदे केले. हे गेले त्याला सहा वर्षं झाली, नोकरी संपून तीन. तेव्हापासून मंडळ मला अशी कामं देतं, ज्यांत दोन्ही बाजूंच्या शिव्या खाव्या लागतात.

कागदावर एवढंच होतं: 'बारा वर्षं मंडळाची पुस्तकं कुलपात आहेत. चोरीला जातील म्हणून ती वाचायचीच नाहीत, हे म्हणजे अपचन होईल म्हणून जेवायचंच नाही. अलकनंदाबाई कपाटं उघडणार आहेत. त्यांना निवडून द्या.'

खाली कोणाचं नाव नाही, छापखान्याचंही नाही.

"सभासदांना टपालाने आलंय," बळवंतराव म्हणाले. "छपाई आणि तिकिटं धरून दोनशे तीस रुपये कुठे गेले नाहीत. बाईंनी आपला खर्च तीनशे चाळीस दाखवलाय. करा बेरीज. मर्यादा पाचशेची."

"बाईंनीच छापलंय कशावरून?"

ते गोड हसले. "नियम चौदा वाचा. दुसऱ्याने उमेदवाराच्या परवानगीने केलेला खर्च उमेदवाराचाच. आणि खर्च करणारा सापडलाच नाही, तरीही तो उमेदवाराचाच धरायचा. मर्यादा ओलांडली की उमेदवार बाद. काय सुंदर मसुदा आहे! कोणी केला होता बरं?"

मीच केला होता. रविवारी सकाळी दहाच्या आत पत्रक काढणारा सापडला नाही, तर माझ्याच हाताने मला अलकनंदाबाईंचं नाव खोडावं लागणार होतं.

२

अलकनंदाबाई अंगणात उन्हाला बसून मटार सोलत होत्या.

"मी छापलं नाही, कोणाला छापायला सांगितलंही नाही," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगू? वाचून हेवा वाटला. माझ्या पत्रकाला दोन पानं लागली, ते कोणी वाचलंही नाही."

"कोणावर संशय?"

"शत्रूवर घ्यायचा, की मित्रावर?" मटाराची एक शेंग त्यांनी माझ्या हातात दिली. दिल्लीच्या हिवाळ्यात पाहुण्याला कामाला लावायची हीच रीत. "कुमुद, एक सांग. माझ्याबद्दल कोणी चांगलं बोललं, तर मी जाऊन त्याचं तोंड धरायचं? नाही धरलं म्हणून मी बाद?"

मी माझा जुना पाठ म्हणून दाखवला. बोलायला कोणाची ना नाही. पण पैसे खर्चून बोलायचं तर कोण बोलतंय हे लोकांना कळलं पाहिजे. नाहीतर उमेदवार आपले पाचशे प्रामाणिकपणे दाखवेल आणि त्याचे दहा मित्र निनावी पाच हजार उधळतील. हा वाद काही आपल्या मंडळातला नव्हे. याच दिल्लीतल्या लोकसभेच्या एका जागेवरून तो चौऱ्याहत्तर साली सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने मित्रांच्या आणि पक्षाच्या खर्चाला चाप लावला आणि सरकारने लगोलग कायदा बदलून तो चाप सैल केला. आमच्या ऑफिसात त्या दिवसांत कोणी वेळेवर घरी गेलं नव्हतं.

"बिल्कुल पटलं," बाई म्हणाल्या. "पण समजा, कोणाला खरंच बोलायचंय आणि नाव सांगायची सोय नाही. त्याने काय करायचं?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी आणखी एक शेंग सोलायला घेतली.

"मी अडुसष्टची आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "पुढची निवडणूक तीन वर्षांनी. सत्तरीनंतर उभं राहता येत नाही, हाही तुझाच नियम. मला खुर्ची नको गं. ती कपाटं एकदा उघडायची आहेत. यंदा नाही तर कधीच नाही."

३

दिल्लीत मराठी माणसाला काही छापायचं असलं, की तो आधी श्यामकांत दिघेकडे जातो. पहाडगंजला त्याचं लग्नपत्रिकांचं घाऊक दुकान आहे. पत्रिका विकून विकून त्याला लग्नाचाच वीट आला आणि पन्नाशी आली तरी तो एकटाच आहे. अलकनंदाबाईंचा तो जुना विद्यार्थी, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर.

"ताई, मी छापलं असतं तर असला कागद वापरला असता?" त्याने पत्रक उजेडात धरलं. "हा पत्रिकांच्या पाकिटातून उरलेला माल आहे. कुठल्याही गल्लीतला प्रेसवाला स्वस्तात देतो. आणि बाईंसाठी मी फुकट छापलं असतं, वर माझं नाव एवढं मोठं टाकलं असतं. यार, फुकटची जाहिरात कोण सोडतो? मला तर हे पत्रक आलंसुद्धा नाही."

"मलाही नाही," मी म्हटलं. तोवर मला वाटत होतं, निवडणूक अधिकारी म्हणून मला वगळलं असावं.

मंडळाचा चिटणीस विलास याला मी घरोघर फोन करायला लावलं होतं. तिशीचा हुशार मुलगा. त्याचे आई-वडील नागपूरहून दर आठवड्याला एक स्थळ पाठवतात आणि तो दर आठवड्याला एक सबब. संध्याकाळी तो यादी आणि एक पाकीट घेऊन आला.

"एकशे चाळीस घरं. पत्रक आलं एकशे अठरा घरी. बावीस घरी नाही. त्यांत मीही आलो, म्हणजे माझ्यावर संशय नको."

"उलट तुझ्यावरच जास्त. स्वतःला कोण पाठवतो?"

पाकिटावर हस्ताक्षर नव्हतं. मंडळाच्या सभासद सूचीतलं कुटुंबप्रमुखाचं छापील नाव-पत्ता कापून चिकटवलं होतं, कात्री सरळ आणि खळ बेताची. मी सूची उघडली. नावं पानाच्या दोन्ही बाजूंना छापलेली. पुढचं नाव कापलं की मागचं गेलं.

"विलास, हे करायला सूचीच्या दोन प्रती लागतील. घरटी एकच मिळते. यंदा दुसरी प्रत कोणी मागितली?"

त्याने वही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"एकाच घराने. पहिली रद्दीत गेली म्हणून, महिन्यापूर्वी. बळवंतरावांच्या."

४

म्हणजे डाव असा होता? विरोधकाची स्तुती आपणच छापायची, ती तिच्या खर्चात घालायची आणि तिला बाद करायचं. ऑफिसात मी याहून बेरकी फायली पाहिल्या आहेत. शुक्रवारी सकाळी मी बळवंतरावांच्या घरी गेले.

बैठकीत शिलाई मशीन होतं आणि त्याच्याशेजारी साड्यांची चळत. चंद्रप्रभावहिनी साड्यांना फॉल लावून देतात, पिको करतात. आमच्या अर्ध्या कॉलनीच्या साड्यांच्या कडा त्यांच्या हातून गेल्या आहेत.

"दुसरी सूची? आम्ही कशाला मागवू?" बळवंतराव म्हणाले आणि तिथून जे सुरू झाले ते बारा वर्षांच्या कार्यवृत्तावर येऊन थांबले. वाचनालय कुलपात ठेवण्याची कारणं त्यांनी मुद्देवार सांगितली. पाचव्या मुद्द्यात तीन उपमुद्दे होते.

ऐकता ऐकता माझ्या मनातला त्यांच्यावरचा संशय विरघळला. त्या पत्रकात चार वाक्यं होती. बळवंतरावांना चार वाक्यांत नमस्कारसुद्धा होत नाही.

"आणि ती बावीस घरं?" मी मध्येच विचारलं.

"सोपं आहे. ती माझी पक्की माणसं. त्यांच्यावर तिकीट वाया कशाला घालवा? मला स्वतःला पत्रक आलेलं नाही. मी आणलं ते शेजाऱ्यांचं."

वहिनी चहा घेऊन आल्या. "कुमुदताई, छापणारा सापडलाच नाही, तर अलकनंदाबाईंचं काय होईल हो?"

"बाद होतील. रविवारी सकाळी दहाला."

"पण त्यांना ठाऊकच नसेल तर?"

"तरीही. नियम तसा आहे."

"अगं, तुला काय करायचंय?" बळवंतराव म्हणाले. "तू सभासद आहेस का? घरटी एक सभासद, घरटी एक मत. तू आपली साखर बघ, चहा अगोड झालाय."

चहा खरंच अगोड होता. वहिनींच्या हातून तो पहिल्यांदाच बिघडलेला मी पाहिला. मी तो तसाच प्यायले.

५

शनिवार उजाडला. बावीस नावं मी तीन वेळा लिहिली. ऑफिसची खोड जात नाही, म्हणून आधी मंत्रालयांप्रमाणे लावून पाहिली, मग कॉलनीप्रमाणे. काही जुळेना. बळवंतरावांचा 'पक्की माणसं' हा सिद्धांत तर सपशेल पडला. बाविसांत राजाभाऊ होते, बळवंतरावांचे खंदे समर्थक. पण श्यामकांतही होता, आणि तो बाईंसाठी जीव टाकणारा. मी होते, विलास होता, स्वतः अलकनंदाबाई होत्या. पाठवणाऱ्याने कोणाला मत बघून वगळलंच नव्हतं.

मग काय बघून वगळलं होतं?

डोकं उठलं तशी उठून मी उल्का साळवेकडे गेले. माझ्या वरच्या मजल्यावर राहते, अहमदनगरची ख्रिस्ती, नवऱ्याची बदली झाली म्हणून चार वर्षांपूर्वी दिल्लीत आली. तिच्याकडे पत्रक आलं होतं, साळवेंच्या नावाने.

उल्काने केक कापला आणि एका नव्याकोऱ्या स्टीलच्या ताटलीत घालून दिला.

"छान आहे ताटली," मी म्हटलं.

"वाण आहे. चंद्रप्रभावहिनींकडचं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं. मी चर्चला जाणारी, म्हणून इकडे कोणी बोलवत नाही. ते एकच घर दरवर्षी आठवणीने बोलावतं. यंदा तुम्हाला पण हेच..."

ती थांबली. तिने जीभ चावली. मग घाईघाईने मला केकचा दुसरा तुकडा वाढला.

विधवेला हळदीकुंकवाचं बोलावणं येत नसतं. सहा वर्षं मला आलं नव्हतं.

मी ताटली खाली ठेवली आणि पिशवीतून यादी काढली. मी, विधवा. आणखी आठजणी, विधवा. विलास आणि श्यामकांत, बिनलग्नाचे. राजाभाऊ, विधुर. अलकनंदाबाईंनी लग्नच केलं नाही. एकेका नावावर बोट ठेवत गेले. एकवीस घरं अशी होती, जिथे कुंकू लावून घेणारी बाई नव्हती. पाकिटांवर नावं पुरुषांची होती खरी, पण ती निवडली होती बायकांच्या यादीवरून.

आणि त्या यादीत उल्का होती. म्हणजे यादी दिल्लीतल्या एकाच घरची असू शकत होती.

बाविसावं नाव राहिलं, बळवंतराव घारपुरे. घरात चांगली धडधाकट बायको असताना त्यांना पत्रक का आलं नाही?

कारण हळदीकुंकवाला कोणी स्वतःला बोलावत नाही.

६

शनिवारी दुपारी बळवंतराव हॉलवर खुर्च्या मोजायला गेले, तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. वहिनी मशीनवर बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर ती यादी ठेवली.

"वहिनी, हळदीकुंकवाच्या वहीवरून नावं कापलीत ना?"

त्यांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. नाकबूल करायचा प्रयत्नही केला नाही.

"वहीच हाताशी होती. मला वाटलं, सगळ्यांना गेलं."

"सगळ्यांना?" मी म्हटलं. "मी त्या सगळ्यांत नाही, वहिनी. हे होते तोवर दरवर्षी मी तुमच्याकडे यायची. मला वाईट वाटलं. गेली सहा वर्षं वाटतंय, बोलले आज."

त्यांचे डोळे भरले. "रीत म्हणून केलं हो. विचारच केला नाही. अलकनंदाबाईंसाठी पत्रक काढलं आणि त्यांचं घरसुद्धा माझ्या वहीत नाही. काय म्हणावं मला!"

"आता म्हणण्यासारखं खूप आहे, पण वेळ कमी आहे. का केलंत ते सांगा."

"वाचायला," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं किल्ली मागतेय. हे म्हणतात, पुस्तकं सभासदांसाठी आहेत. मला मत नाही. सभेत बोलायला उभी राहिले तर हे म्हणतील, खाली बस. मग मला जे म्हणायचं होतं ते मी छापलं. फॉल-पिकोच्या पैशातून. बाई बाद होतील असं स्वप्नातसुद्धा नव्हतं."

"उद्या नाव सांगाल?"

"ह्यांच्यासमोर? अडतीस वर्षं संसार झालाय, कुमुदताई."

अलकनंदाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर बसलं होतं आणि माझ्या नियमात त्याला जागा नव्हती.

"दहाला पाच मिनिटं कमी असेपर्यंत मी थांबेन," मी म्हटलं. "त्यानंतर मला बोलावं लागेल. पण मी नाव घेतलं, तर तो मी लावलेला शोध. तुम्ही घेतलंत, तर ते तुमचं बोलणं."

मी निघाले तेव्हा मशीन बंदच होतं.

७

रविवारी हॉल खचाखच भरला. कारण निवडणूक थोडं आणि साबुदाणा वडे फार. बळवंतराव पहिल्या रांगेत, शाल पांघरून. अलकनंदाबाई खिडकीपाशी, ताठ बसलेल्या. चंद्रप्रभावहिनी शेवटच्या रांगेत, बायकांमध्ये.

मी हरकत वाचून दाखवली. दहाला दहा मिनिटं होती. मग सात. मग पाच.

"निवडणूक अधिकाऱ्यांनी निर्णय द्यावा," बळवंतराव म्हणाले.

मी कागद उचलला.

"थांबा," मागून आवाज आला. "पत्रक मी काढलं."

शे-दीडशे माना एकदम वळल्या. वहिनी उभ्या होत्या, पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून.

"मीच लिहिलं, मीच छापून घेतलं. अलकनंदाबाईंना विचारलं नाही, त्यांना ठाऊकही नव्हतं. नाव घालायला हवं होतं, भीती वाटली म्हणून घातलं नाही. आता सांगते. चंद्रप्रभा घारपुरे. आणि ज्या घरांना पाठवायला चुकले, त्यांचीही माफी मागते."

"तू?" बळवंतरावांना पुढचा शब्द सुचेना. चार वाक्यांचा माणूस नव्हे, पण त्या दिवशी एका शब्दावर आले. मग सावरले. "ताई, ही सभासदच नाही! हिला पत्रक काढायचा हक्कच नाही!"

"नियम पंधरा म्हणतो, पत्रक काढणाऱ्या कोणीही आपलं नाव छापावं," मी म्हटलं. "सभासद असा शब्द त्यात नाही. नाव नाही म्हणून दंड एक्कावन्न रुपये. बोलल्याबद्दल दंड नाही."

"अहो पण पैसे?" ते गरजले. "पैसे कोणाचे? घरातले सगळे पैसे माझे आहेत!"

अलकनंदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला मनातून इतका आनंद झाला की तो लपवायला मी चष्मा पुसायला घेतला.

"बळवंतराव, नीट विचार करून सांगा. पैसे तुमचे असतील, तर खर्च तुमच्या नावावर जाईल. तुम्ही चारशे वीस दाखवलेत. त्यात दोनशे तीस मिळवले की साडेसहाशे. मर्यादा पाचशेची. तर काय लिहून घेऊ, पैसे तुमचे?"

विलासला खोकल्याची उबळ आली. तो बाहेर गेला.

बळवंतरावांनी शाल काढली, पुन्हा पांघरली. "तिचे," ते म्हणाले.

"मोठ्याने सांगा, मागे ऐकू येत नाही."

"तिचे! तिचे स्वतःचे. फॉल-पिकोचे."

"आणि तुमची परवानगी?"

"नव्हती! मुळीच नव्हती!"

"म्हणजे वहिनींनी स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या मनाने, तुम्हाला न विचारता हे केलं, आणि त्यावर तुमचा काही दावा नाही. बरोबर?"

"...बरोबर."

"लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं. तीस वर्षांच्या नोकरीचा हात, अक्षर मोत्यासारखं. खाली सही आणि तारीख. मी हरकत फेटाळली, दहाच्या ठोक्याला मतदान सुरू झालं आणि दुपारी अलकनंदाबाई एकोणीस मतांनी निवडून आल्या. श्यामकांतने पेढे आधीच आणून ठेवले होते, यावर बळवंतरावांनी नवी हरकत घेतली. मी ती पेढा खात फेटाळली.

सगळे पांगल्यावर मी कागद आवरत होते, तेव्हा वहिनी टेबलाशी आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी एक्कावन्न रुपये काढून ठेवले. मी पावतीपुस्तक उघडलं.

"पावती राहू दे," त्या म्हणाल्या. "ह्यांनी आत्ता लिहून दिलं ना, त्याची मला एक प्रत हवी."